तीन राखणदार आणि पांगाऱ्याचा बेडूक

एका राज्यात तीन तळी होती. पहिल्याचं पाणी इतकं नितळ की तळाशी पडलेली सुई वरून दिसावी. दुसऱ्याचं इतकं गढूळ की बुडवलेला स्वतःचा हात दिसू नये. आणि तिसऱ्याचं पाणी कसं आहे ते कुणी सांगूच शकत नव्हतं, कारण त्यावर शेवाळ आणि कमळाची पानं अशी दाटली होती की पाणकोंबड्या या काठावरून त्या काठावर चालत जात.

तळ्यांच्या काठी भोई लोकांची वस्ती होती आणि त्यांचा एक रिवाज होता. हंगामातला पहिला मासा पाण्याचा. त्याला हळद-कुंकू लावायचं, "तुझं तुला" म्हणायचं आणि सोडून द्यायचं. दुसऱ्या माशापासून खुशाल कालवण करा, कुणी नाही म्हणत नव्हतं.

राजा हेमसेन मनाने वाईट नव्हता, पण जिभेचे भारी लाड करणारा. कुणा खुशामतखोराने त्याच्या कानात सांगितलं की पहिल्या माशाची चव दुसऱ्याला नाही. झालं! राजाचा हुकूम सुटला. भिवा भोयाने कमळतळ्यात जाळं टाकलं, पहिला मासा काढला, मान खाली घालून शिपायाच्या हाती दिला. नाही म्हणायला हवं होतं, पण राजाला नाही म्हणायचं ते कुणी? तिकडे राजाने ताटातला काटा चोखला, आणि इकडे घाटाच्या पायरीवर भिवाचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत दगड झाले.

शेवाळ दुभंगलं. त्यातून शेवाळनाथ मांत्रिक वर आला. दाढी हिरवी, डोळे पाण्याचे. तो म्हणाला, "पाण्याचा वाटा तुम्ही खाल्लात. हा दगड रोज वर चढेल. सातव्या दिवशी डोक्यावरून जाईल. तीन तळ्यांत माझे तीन राखणदार मासे आहेत. जाळ्यावाचून, भाल्यावाचून आणि कुठलाही जीव गळाला न टोचता जो त्यांना बाहेर काढील, शाप फेडायचं त्याच्या हातात असेल."

एवढं बोलून तो बुडाला. बुडबुडासुद्धा आला नाही.

भिवाची बायको हौसा. ती मासे धरत नव्हती. ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी करायची. भोवरे, खुळखुळे, बाहुल्या, वर लाखेचे रंग. धावत घाटावर आली तेव्हा दोघे भोई आधीच गांडूळ लावून गळ टाकून बसले होते. मांत्रिकाने नको सांगितलेलं नेमकं तेच! गळ पाण्याला लागला आणि दोघांचे हात कोपरापर्यंत दगड झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हौसा नवऱ्याच्या पायांशी बसली. गार दगडावर हात ठेवला आणि तिला रडू फुटलं.

भिवा म्हणाला, "रडू नकोस. चूक माझी आहे."

"चूक कुणाचीही असो, दगड माझ्या घरात आलाय," हौसा म्हणाली. तिने डोळे पुसले. "जीव टोचायचा नाही म्हणतो ना तो? मग माझ्या हातच्या लाकडात जीव कुठे असतो?"

घरी जाऊन तिने बोटभर लांबीची एक मासोळी कोरली. लाल अंग, पिवळे पर, वर मोरपंखी ठिपके. लोहाराकडून गळ आणून पोटाखाली बसवला, वेळूच्या काठीला दोर बांधला आणि दुसऱ्या दिवशी नितळ तळ्यावर गेली. मासोळी पाण्यात पडली. तळातून रुपेरी खवल्यांचा, हातभर लांबीचा राखणदार वर आला. त्याने मासोळीला एक फेरी घातली, नीट पाहून घेतलं आणि निघून गेला. दहादा टाकली, दहादा तसंच.

जांभळीच्या फांदीवर एक खंड्या बसला होता. निळा कोट, लांब चोच, आणि जीभ तर त्याहून लांब.

तो म्हणाला, "बाई, मासा धरायला आलीस की बारशाला?"

"का रे पाखरा?"

"पाणी नितळ. माशाला सगळं दिसतं. लाल-पिवळी मासोळी त्याने जन्मात पाहिलेली नाही. आणि हा दोर आहे की बैलाचा कासरा?"

हौसाला राग आला. पण खरं ते खरं, आणि पाखराची हयात मासे धरण्यात गेलेली. ती परतली. तिसऱ्या दिवशी भिवा कमरेपर्यंत दगड झाला होता. हौसाने नवी मासोळी आणली. पाठ पाण्याच्या रंगाची, पोटाला भांड्याच्या कल्हईचा पातळ हात. दोराऐवजी घोड्याच्या शेपटीचे बारीक केस वळून घेतलेले. मासोळी टाकून ती सरळ ओढू लागली. राखणदार मागे आला आणि पुन्हा परतला.

"आता काय चुकलं?" ती म्हणाली.

"सरळ कोण पोहतं? ज्याला घर गाठायचंय तो. त्याच्यामागे धावून दम कोण घालवील? दुखावलेला मासा दोन हिसके देतो आणि थांबतो. मीसुद्धा थांबलेल्यालाच उचलतो."

हौसाने मासोळी टाकली. मनगटाने एक हिसका, दुसरा हिसका, आणि थांबली. मासोळी पाण्यात कलंडून उभी राहिली, कल्हई चमकली. पाण्यात रुपं लखलखलं आणि काठी वाकली. राखणदार गळाला लागला होता.

काठावर प्रधान चांदीचं घंगाळ घेऊन उभाच होता. म्हणाला, "राखणदार हाती आला, शाप हाती आला. ह्याला राजवाड्याच्या हौदात ठेवू." हौसालाही ते पटलं. शत्रूचा पहारेकरी धरला तर कोण सोडतो? पण चौथ्या दिवशी दगड भिवाच्या छातीपर्यंत चढलेला होता. तिला वाटलं, तिन्ही धरले की उतरेल.

गढूळ तळ्यावर तिला खंड्याला विचारावं लागलं नाही. इथे कल्हई कोण बघणार? ती घरी आली, बारशाला करते तसा पोकळ लाकडाचा खुळखुळा केला, फक्त आकार माशाचा. आत गुंजा भरल्या. लाख काळी लावली, कारण मळक्या पाण्यात काळ्याची सावली तेवढी उठून दिसते. पाचव्या दिवशी बुडालेल्या उंबराच्या मुळांजवळ तो टाकला आणि अगदी हळू ओढला. खुळ खुळ, थांब. खुळ खुळ, थांब. डोळ्याने न दिसणारं कानाने कळतं, माशालाही. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तांबूस खवल्यांच्या राखणदाराने मुळाखालून येऊन खुळखुळा गिळला.

"पोरगी शिकली," खंड्या म्हणाला. कौतुक करताना त्याची मान वाकडी होत असे.

तांबूस राखणदारही हौदात गेला. भिवाचे खांदे दगड झाले.

सहाव्या दिवशी हौसा कमळतळ्यावर आली. इथेच भिवा उभा होता, गळ्यापर्यंत दगड, वर फक्त चेहरा. मासोळी टाकली, शेवाळात अडकली. खुळखुळा टाकला, कमळाच्या देठात अडकला. शेवाळाचे भारे उपसून तिच्या दंडांना गोळे आले.

भिवा म्हणाला, "हौसा, वरून जाणारं काही कर. शेवाळावरून कोण उड्या मारतं?"

"बेडूक," हौसा म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून कोरायला लागली. पांगाऱ्याचा ढेरपोट्या बेडूक, चिंध्यांचे मागचे पाय. गळाचं टोक तिने वर वळवून बेडकाच्या पाठीला असं चिकटवून बसवलं की शेवाळात अडकू नये, पण जबडा मिटला की बाहेर यावं. बेडूक पानावरून पानावर टुणटुण गेला. मोकळ्या पाण्याचं एक भगदाड आलं, तिथे ती थांबली.

तळं फुटलं. लोखंडी खवल्यांचा, वासराएवढा राखणदार हवेत उडाला. हौसाने जीव खाऊन काठी ओढली आणि बेडूक रिकामाच येऊन तिच्या छातीवर आदळला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," खंड्या म्हणाला. "तो उडतो तेव्हा आमिष त्याच्या तोंडात नसतं. तो घेऊन खाली वळतो, तेव्हा असतं. मध्ये थांबायचं."

"किती थांबायचं?"

"मला काय ठाऊक? मी तर चोचीने धरतो."

चार वेळा मासा उडाला आणि चार वेळा हात तिच्या आधी धावला. नवरा दगड होत असताना थांब म्हणणं सोपं आहे हो, थांबणं कठीण. दिवस मावळला आणि भिवाची हनुवटी गेली.

सातवा दिवस उजाडला. घाटावर सगळं राज्य जमलं होतं. राजा आला होता, प्रधान घंगाळ घेऊन आला होता. भिवाचे ओठ दगड झालेले, बोलणं संपलेलं. फक्त डोळे हलत होते. हौसाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला त्यांच्या लग्नाचा दिवस आठवला. उंबरठ्यावर बायकांनी अडवलं होतं, नाव घे म्हणून. उखाणा घ्यायचा, तर शेवटापर्यंत म्हणायचा. मध्येच उंबरठा ओलांडून पळता येत नाही.

तिने बेडूक टाकला. टुण, टुण, टुण, थांबला. तळं फुटलं, राखणदार उडाला. हौसाचे हात धावायला निघाले, तशी ती मोठ्याने म्हणाली,

"काळ्या पाण्यावर हिरवं शेवाळ, शेवाळात कमळाचा देठ,
भिवाजीरावांचं नाव घेते, घरी नेईन थेट."

'थेट' म्हणताच तिने काठी ओढली.

गळ बसला. मग जी ओढाताण लागली ती लागली. मासा देठांत घुसला की ती सैल सोडी, थकला की ओढून घेई. तळहात सोलून निघाले. सूर्य माथ्यावर येईपर्यंत हे चाललं, आणि शेवटी लोखंडी राखणदार पायरीशी आडवा झाला. हौसाने पाण्यात बसून त्याला मांडीवर घेतलं. लोकांनी अशी आरोळी ठोकली की पाणकोंबड्या उडून गेल्या.

पण दगड उतरला नाही. तो भिवाच्या नाकावरून डोळ्यांकडे सरकू लागला.

"घंगाळ आणा," प्रधान म्हणाला. "तिसरा हौदात गेला की उतरेल."

हौसाने भिवाकडे पाहिलं. भिवाने डोळे माशाकडे नेले आणि मग पाण्याकडे. पुन्हा माशाकडे, पुन्हा पाण्याकडे. तेव्हा हौसाच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. ज्या तळ्यातून शाप आल्यापासून एकही मासा निघाला नव्हता, त्यातून निघालेला हा पहिला. आणि पहिला मासा कुणाचा, हे भोयाच्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. राजाने खाऊन चूक केली, तीच चूक तिने दोनदा घंगाळात भरून दिली होती.

तिने माशाच्या ओठातला गळ अलगद सोडवला. ताट नव्हतं, हळद नव्हती. तिने स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटाने उतरवून माशाच्या डोक्याला लावलं.

"थांब," राजा म्हणाला. "हा सुटला तर तुझा नवरा गेला."

"महाराज, आपण धरून ठेवलं म्हणूनच तो चाललाय," हौसा म्हणाली. मग पाण्याला म्हणाली, "तुझं तुला." आणि तिने मांडी सैल केली.

राखणदार क्षणभर तिथेच राहिला. मग शेपटीचा एक फटका मारून तिला नखशिखांत भिजवून गेला. त्याच फटक्याबरोबर भिवाच्या चेहऱ्यावरचा दगड पापुद्र्यासारखा सुटला, गळा सुटला, खांदे सुटले. छातीशी येऊन थांबला.

शेवाळनाथ वर आला. "दोन राहिले. ज्याने खाल्लं, त्याने आणावे."

सगळे राजाकडे पाहू लागले. राजाने खाली पाहिलं. मग त्याने मुकुट प्रधानाच्या हातात दिला, जोडे काढले आणि चालत राजवाड्यात गेला. आला तेव्हा खांद्यावर कावड होती, दोन्ही घागरींत एकेक राखणदार. वाटेत दोनदा ठेचाळला, पण पाणी सांडू दिलं नाही. नितळ तळ्यावर गुडघे टेकून म्हणाला, "तुझं तुला," आणि भिवाची कंबर सुटली. गढूळ तळ्यावर म्हणाला, "तुझं तुला," आणि भिवाचे पाय सुटले, त्या दोघा भोयांचे हातही सुटले. शेवाळनाथाने हिरवी दाढी हलवली आणि तो आपल्या घरी बुडाला.

भिवा सात दिवसांनी एक पाऊल चालला. पाय लटपटत होते म्हणून हौसाने त्याला खांदा दिला.

तो म्हणाला, "नाव घेतलंस ते ऐकलं मी."

"ऐकलंत ना? मग झालं."

"पण 'थेट' म्हणालीस आणि सात दिवस लावलेस."

हौसा हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली, ती घरापर्यंत.

तेव्हापासून त्या राज्यात हंगामाचा पहिला मासा राजा स्वतः धरतो, हौसाच्या हातच्या लाकडी मासोळीवर, आणि स्वतः सोडतो. तो उतावळा आहे, त्याच्या हातून चार निसटतात, मग भोयांच्या बायका काठावरून ओरडतात, "महाराज, नाव घ्या!" आणि राजा लाजत लाजत राणीचं नाव घेतो. खंड्याला राजाने सोन्याचा पिंजरा देऊ केला होता. तो म्हणाला, पिंजरा तुझा तुला.

तीन तळ्यांची ही गोष्ट पाण्यातून वर काढली, तुम्हाला दाखवली, आता पाण्याची पाण्याला.