नाल्याचे विरजण

पूर्वी कुसुंभ नगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुतनू. रंगारआळीतल्या चाळीस घरांचा तो मुखिया होता, आणि निळीत बुडवून बुडवून त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते.

आळीचे सांडपाणी एका नाल्याने सोमला नदीत जाई. बरीच वर्षे कुणाला त्याचे काही वाटले नाही. मग नदीत मासे मरून वर येऊ लागले, खालच्या कोळीवाड्यात घरोघरी माणसे जुलाबाने अंथरुणाला खिळली, तेव्हा कुठे राजाचे डोळे उघडले. तो म्हणाला, "कार्तिकी पौर्णिमेला मी नाल्याच्या तोंडाशी येईन. पाणी पिण्याजोगे नसेल तर रंगारआळीने नगर सोडायचे. आणि या कामात जो आडवा येईल, तोही हद्दपार."

देखरेख घाटाधिकारी पुण्णकाकडे आली. हा पुण्णक म्हणजे स्वच्छतेचे वेड घेतलेला माणूस. घाटाच्या पायरीवर वाळके पान दिसले तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. मनाने वाईट नव्हता हो, पण आपल्याला कळते तेवढे दुसऱ्या कुणाला कळत नाही, अशी त्याची पक्की खात्री होती. अशा माणसाला समजावणार तरी कोण?

सुतनूने नाल्यात बांध घातले आणि बांधांमध्ये खडबडीत दगड रचले. नाल्याच्या एका वळणावर बेडूक जगून होते आणि पाणी जरा निवळ होते. तिथला बुळबुळीत गाळ आणून त्याने दगडांवर थापला. दोन महिन्यांत दगडांवर काळपट साय धरली आणि शेवटच्या बांधाखाली तळाची वाळू दिसू लागली.

पुण्णक नाकाला उपरणे लावून पाहायला आला. "सुतनू, ही घाण तू राजाला दाखवणार?"

"ती घाण नाही, अधिकारी. निळीचा नवा रांजण लावताना आम्ही जुन्या रांजणातला मूठभर गाळ त्यात घालतो, तेव्हा कुठे नीळ उतरते. तसे हे नाल्याचे विरजण आहे. यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. पाण्यातला मळ ते खातात. त्यांना तेवढा हात लावू नका."

"न दिसणारे जीव," पुण्णक हसून म्हणाला, "आणि ते तुला बरे दिसले."

पौर्णिमेला चार दिवस उरले असताना सुतनू आजाऱ्यांची विचारपूस करायला कोळीवाड्यात गेला. पुण्णकाने तेवढ्यात वीस मजूर लावले आणि चुन्याने, वाळूने घासून सगळे दगड लख्ख करून टाकले. आता कसे राजाच्या नजरेला पडण्याजोगे झाले, असे त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी पाणी निळसर झाले. तिसऱ्या दिवशी दुर्गंधी सुटली. पुण्णकाने ओंजळ भरली आणि बोटांमधून निळे पाणी गळताना पाहिले. चाळीस घरे आपल्या हाताने उठणार, हे त्याला आता कळले. आणि आळीतल्या कुणीही नुसते बोट दाखवले तरी आपलेही घर उठणार, हेही कळले.

पौर्णिमेला राजा आला. त्याने पाणी पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "हे कसे झाले?"

सगळी आळी सुतनूकडे पाहू लागली. त्याची बायको गोमती मागून हळूच म्हणाली, "अहो, नाव घ्या." पुढे होऊन बोलावे असे पुण्णकाला वाटत होते, पण पाय उचलत नव्हते.

सुतनू म्हणाला, "महाराज, दगडांची निगा माझ्याकडे होती आणि मी जागेवर नव्हतो. मला एक महिना द्या."

"देतो," राजा म्हणाला. "पण त्या दिवशी पहिला घोट तू प्यायचा. हेच पाणी असले, तरी."

संध्याकाळी पुण्णक सुतनूच्या दारात येऊन उभा राहिला. "माझे नाव का घेतले नाहीस?"

"तुम्ही गेला असता तर नवा अधिकारी आला असता," सुतनू म्हणाला, "आणि त्यानेही दगड घासले असते. आता घासू नये हे कळलेला एक अधिकारी तरी नगरात आहे."

गोमतीचा राग अजून गेला नव्हता. पण तिने कोपऱ्यातले ओले फडके बांधलेले मडके पुढे सरकवले. त्यात तोच काळा गाळ होता. रंगारी विरजण कधी एकाच भांड्यात ठेवत नाही.

पुण्णकाने पांढरे धोतर खोचले, नाल्यात उतरला आणि स्वतःच्या हातांनी दगडांना गाळ लावला. महिनाभर तो त्या काठावरून हलला नाही. कुणी झाडू घेऊन फिरकले की तोच अंगावर धावून जाई.

मार्गशीर्षी पौर्णिमेला राजा पुन्हा आला. पाणी निवळ दिसत होते. पण दिसणे वेगळे आणि पिणे वेगळे, आणि सुतनूला तर प्यायचे होते. तो वाकला, एवढ्यात पुण्णकाने त्याचा हात धरला. न घासलेल्या पेल्यातले पाणी ज्याने जन्मात ओठाला लावले नव्हते, तो त्या नाल्याचे पाणी ओंजळीने प्यायला. मग तोंड पुसून म्हणाला, "महाराज, मागच्या पौर्णिमेला हे दगड मी घासले होते. याने माझे नाव घेतले नाही."

राजाने स्वतः ओंजळ भरली आणि पाणी पिऊन तो म्हणाला, "आळी इथेच राहील. आणि पुण्णका, तुला हद्दपारी नाही, इथून पुढे हा नाला तूच सांभाळ."

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा दृढसेन म्हणजे आज विहाराला पाणी पुरवणारा उपासक भद्रवाह. गोमती म्हणजे भिक्खुणी सामा. पुण्णक म्हणजे आपला भिक्खू उपसोम. आज सकाळी त्याने आपली चूक कुणी न विचारता संघापुढे सांगितली, ती सवय त्याला तेव्हाची आहे. आणि सुतनू रंगारी म्हणजे मीच. चुकलेल्याला घालवून न देता, त्याला उमजेपर्यंत सोसणे, यालाच क्षांती म्हणतात."