तेवीस रेघा

एकदा एका वृद्ध मिस्त्रीकडे त्याचा शिष्य खाली मान घालून आला. समुद्रकिनारी एका बाईंच्या सहा लहान क्वाड बाईक होत्या. जाड चार चाकांच्या, पर्यटकांच्या मुलांना वाळूत फिरवून आणणाऱ्या. त्यांच्या बॅटऱ्या चार्ज धरत नव्हत्या. सकाळी भरलेल्या लावाव्यात, तर दुपारी बटण दाबल्यावर नुसती टकटक.

शिष्याने दोनदा नव्या बॅटऱ्या बसवल्या. त्याही तशाच झाल्या. तेव्हा ‘मला कळत नाही’ एवढे तीन शब्द काही त्याच्या तोंडून निघाले नाहीत. त्याऐवजी गाड्या सांभाळणाऱ्या जनार्दनला तो सर्वांसमक्ष म्हणाला, “बॅटऱ्या घरी नेऊन दिवे लावतोस तू.” जनार्दन दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. बाईंनीही त्याला बोलावलं नाही. एका वाक्यात माणसाची भाकरी गेली आणि अब्रूही.

“आता तो नाही, तरी बॅटऱ्या उतरतातच,” शिष्य पुटपुटला.

वृद्ध मिस्त्री किनाऱ्यावर आला. त्याने ना मीटर काढला, ना पाना. म्हणाला, “आज फेऱ्या तू मार. रोज मारतात तशाच.”

शिष्याला ते अपमानास्पद वाटलं. पण गुरूची आज्ञा. पाच मिनिटांची फेरी, गाडी बंद, एक मूल उतरलं, दुसरं बसलं, आईबापांनी फोटो काढले, पुन्हा बटण. मिस्त्री सुरूच्या झाडाखाली बसून प्रत्येक बटणामागे काठीने वाळूत एकेक रेघ ओढत होता. तेविसाव्या रेघेनंतर गाडी टकटकली आणि गप्प झाली.

“आता सांग, ही बॅटरी कोणी घरी नेली?”

शिष्य वाळूतल्या रेघा मोजू लागला.

“बटण दाबताना बॅटरी जे देते, ते तिला परत मिळायला गाडी बराच वेळ सलग पळावी लागते,” मिस्त्री शांतपणे म्हणाला. “तू तिच्याकडून घेत राहिलास, आणि तिला मिळायची वेळ आली की गाडी बंद केलीस. दर फेरीला बंद करायचा हा नियम कोणाचा?”

“माझा,” शिष्य म्हणाला. पेट्रोल वाचेल म्हणून त्यानेच तो बाईंना सुचवला होता.

“मग बॅटऱ्या चार्जरला लाव, आणि दिवसातून दोनतीनदा गाड्या लांबवर पळवत जा. त्या सुधारतील. जनार्दनकडे मात्र चार्जर घेऊन जाता येणार नाही.”

शिष्य त्याच पावली जनार्दनच्या दारात गेला. त्याला स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती. त्याने चूक कबूल केली. जनार्दनने सगळं ऐकून घेतलं.

“मी बोललो होतो तुला, गाडी सारखी बंद नको करू, बॅटरी बसते. तेव्हा तू मला विचारलंस, मिस्त्री तू की मी?” मग तो म्हणाला, “आणि हे इथे दारात नको सांगू. जिथे मला चोर बोललास, तिथे येऊन बोल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर, बाई आणि गाड्यांच्या फेऱ्या मारणारे सगळे जमलेले असताना, शिष्य ते बोलला. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला. जनार्दनने हात पुढे केला आणि गाड्यांच्या किल्ल्या मागून घेतल्या.

आळ चारचौघांत घ्यायचा आणि माफी कोपऱ्यात मागायची, ही सवय आपल्याही अंगात आहे का, हे ज्याचं त्याने तपासावं.