कापशीची ऊब कुठे गेली?

पेटीत होती कापशी. कापशी म्हणजे कोंबडीचं पिल्लू, मुठीएवढं. शेजारी तिची भावंडं, वर एक बल्ब. बल्ब पेटला की पेटी उबदार.

थंडीची सकाळ. फट्. बल्ब विझला. ऊब गेली. भावंडं कुडकुडली. चिव... चिव... कापशी घाबरली. असंच राहिलं, तर सगळी गारठून जातील.

कापशी म्हणाली, "बल्बदादा, पेट ना. आम्हाला ऊब मिळेना."

बल्ब म्हणाला, "धाकटा ट्रान्सफॉर्मर वीज देईल, तर मी पेटेन."

कापशी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

गावात खांबावर धाकटा ट्रान्सफॉर्मर. एरवी हूंऽ हूंऽ करतो. आज स्वारी गप्प.

"धाकटेदादा, वीज दे ना. बल्ब पेटेना, आम्हाला ऊब मिळेना."

धाकटा म्हणाला, "विजेला शांत करून मी घरोघरी देतो. पण मधला ट्रान्सफॉर्मर वीज पाठवेल, तर मी देईन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

तारेच्या कुंपणात मधला ट्रान्सफॉर्मर. कापशी बाहेरच थांबली. तिथे आत जायचं नसतं, हे पिल्लांनाही कळतं.

"मधलेदादा, वीज पाठव ना. धाकटा वीज देईना, बल्ब पेटेना, आम्हाला ऊब मिळेना."

मधला म्हणाला, "लांब धरणावर आमचा थोरला असतो. तो विजेचा जोर वाढवतो, मग ती दूरवर पळते. मी तिचा जोर कमी करतो. पण वीजघरातली शैलाताई खटका दाबेल, तर मी पाठवेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

शैलाताई खटक्याजवळच बसली होती.

"ताई, खटका दाब ना. मधला वीज पाठवेना, धाकटा वीज देईना, बल्ब पेटेना, आम्हाला ऊब मिळेना."

शैलाताई म्हणाली, "द्वारकाकाकूची विहिरीवरची पाण्याची मोटार सगळ्यांत मोठी. तिला लावलाय ऑटो. वीज आली की मोटार आपोआप सुरू, घुर्रर्र. विजेवर एकदम भार येतो आणि खटका धाडकन पडतो. काकू ऑटो काढेल, तर मी दाबेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

द्वारकाकाकू गोधडीत. नाक तेवढं बाहेर.

"काकू, ऑटो काढ ना. ताई खटका दाबेना, मधला वीज पाठवेना, धाकटा वीज देईना, बल्ब पेटेना, आम्हाला ऊब मिळेना."

काकू म्हणाली, "बाहेर गारठा आहे बाई. ऊन येईल, तर मी उठेन."

आता उन्हाला कुठे शोधायचं? कापशीला रडू आलं. ती गोधडीत शिरली. काकूच्या तळव्यावर तिने आपले गार गार पाय ठेवले.

काकू दचकली. "अगंबाई, इतकी गारठलीस?"

"मी एकटीच नाही. भावंडंही गारठलीत."

काकूने गोधडी फेकली, डोक्याला रुमाल बांधला आणि कापशीला हातात घेऊन तरातरा विहिरीवर गेली.

काकूने ऑटो काढला. टक्.
ताईने खटका दाबला. खट्.
मधल्याने वीज पाठवली. हूंऽऽऽ.
धाकट्याने वीज दिली. हूंऽ.
बल्ब पेटला. लख्ख.

काकूने कापशीला अलगद पेटीत ठेवलं. भावंडं तिला चिकटली. पाय गरम झाले, पोट गरम झालं. हुश्श.

कापशी निजली. भावंडं निजली. आता गोष्टही निजली.