केओनं वळवलेला वणवा

फार फार वर्षांपूर्वी, थायलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरात, लावा लोकांच्या होमलाङ गावात केओ नावाची एक विधवा राहायची. लावा लोक उतारावरचं रान तोडतात, वाळवतात, जाळतात आणि त्या राखेत भात पेरतात. जाळण्याआधी शेताभोवती रुंद पट्टा झाडून काढतात, म्हणजे आग बाहेर पडत नाही. तो पट्टा आखावा तर केओनंच. वारा कुठून येणार ते तिला आदल्या दिवशीच गालावर कळायचं, असं म्हणतात.

एका वर्षी सामांगनं, म्हणजे गावाचं देवकार्य करणाऱ्या मानकऱ्यानं, कोंबडं कापून जाळणीचा दिवस काढला. केओ त्याच्या दारात गेली.

"सामांगबाबा, दोन दिवस थांबा. वारा फिरणार आहे."

"दिवस पितरांनी दिलाय. तू त्यांच्याहून शहाणी?"

"नाही बाबा. पण पितरांची घरं जळत नाहीत, आपली जळतात."

सामांग ऐकेना. गड्यांनी चुडी पेटवल्या, माथ्यावरून आग सोडली. ऊन डोक्यावर यायच्या आत वारा उलटला. आगीनं पट्टा ओलांडला आणि ती गावाच्या गवती छपरांकडे धावली. बायका पोरंबाळं, डुकरं घेऊन ओढ्याकडे पळाल्या. केओ एकटी वर निघाली आणि तिनं गावाबाहेरचं गवतच पेटवलं!

"बाई बिथरली!" सामांग ओरडला.

"ओरडू नका, फांद्या घ्या! माझी आग गावाकडे वळली तर झोडपा!"

सामांगला असं कुणी कधी दरडावलं नव्हतं. पण पागोटं फेकून पहिली फांदी त्यानंच तोडली. मोठ्या आगीनं वारा स्वतःकडे ओढला, तशी केओची आग वर तिच्याकडे चढू लागली. गुरं हाकावीत तशी केओ तिला हाकत गेली. "चल, वर चल!" दोन्ही आगी भिडल्या, आभाळाएवढी ज्वाळा उठली आणि खायला काहीच उरलं नाही म्हणून जागच्या जागी विझली. धूर ओसरला तेव्हा केओ राखेत अनवाणी उभी होती. तळव्याला फोड नाही, की एक केस जळलेला नाही, असं म्हणतात.

सामांग तिच्यासमोर मातीत बसला. म्हणाला, "यापुढे दिवस मी सांगेन, वारा तू सांग."

"सांगेन," केओ म्हणाली. "आधी पाणी द्या."

केओ पुष्कळ जगली, पिकल्या पानासारखी गेली. आजही जाळणीच्या सकाळी होमलाङमधली सगळ्यात थोरली बाई माथ्यावर चढते. तांदळाच्या दारूचा घोट केओच्या नावानं जमिनीवर ओतते आणि मूठभर राख वाऱ्यावर सोडते. राख गावाकडे उडाली, तर गडी चुडी खाली ठेवतात आणि घरी जातात. कुणी कुरकुरत नाही.