हरबाशेठच्या पुतळ्या

एका बाजारपेठेच्या गावात हरबाशेठ नावाचा सोने पारखणारा एक पोतदार राहत होता. तो पुतळ्या विकत असे. पुतळी म्हणजे सोन्याचे लहान नाणे. त्या भागातल्या आया मुलगी पाळण्यात असल्यापासून एकेक पुतळी घेऊन ठेवत आणि एकवीस झाल्या की माळ ओवत. माळ पुरी झाल्याशिवाय मुलीला हळद लावत नसत.

हरबाशेठचे सोने चोख होते आणि वजनही चोख होते. दुकानाच्या दाराशी एक फळी टांगलेली असे. तिच्यावर खडूने त्या दिवसाचा भाव लिहिलेला असे. भाव चढल्याचा निरोप घेऊन बंदरावरून माणूस आला, की तो पाणी पिण्याआधीच हरबाशेठने फळीवरचा आकडा बदललेला असे.

एका वर्षी बंदरात सोन्याने भरलेली गलबते लागली आणि सोने उतरले. थोडेथोडके नाही, तिसऱ्या हिश्शाने उतरले. त्या दिवशी हरबाशेठने फळी पुसली आणि तिच्यावर लिहिले, ‘भाव आत विचारावा.’

त्यालाही कारण होते. महिन्यापूर्वीच त्याने दोन पेट्या भरून पुतळ्या चढ्या भावाने घेतल्या होत्या. बहुतेक भांडवल त्यांतच अडकले होते. कमी भावाने विकल्या, तर तोटा डोळ्यांदेखत होणार. पुतळ्या पेटीत आहेत तोवर तोटाही पेटीतच आहे, असे त्याला वाटे. पेठेतल्या बाकीच्या तिघा पोतदारांचेही तेच मत होते. भाव पुन्हा चढेल, तोवर कोणी हलायचे नाही, असे चौघांनी ठरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांगड्या भरणारी सगुणाबाई दुकानात आली. तिच्या मुलीचे लग्न आठ दिवसांवर आले होते. माळेत अठरा पुतळ्या झाल्या होत्या. सोने उतरल्याचे ऐकून ती मोठ्या उमेदीने आली होती, कारण तिच्याजवळच्या पैशांत आता उरलेल्या तिन्ही पुतळ्या बसत होत्या. हा मुहूर्त टळला, तर पुढचा चार महिन्यांनी होता, आणि नवऱ्यामुलाकडचे तेवढे थांबतील याची तिला खात्री नव्हती.

हरबाशेठने पैसे पाहिले आणि जुन्या भावाने एवढ्यात दोनच येतील असे सांगितले.

“माझी खरेदीच त्या भावाची आहे, सगुणाबाई. घरातलं घालून कसं विकू?”

सगुणाबाई म्हणाली, “दिवाळीला मी एक नेली, ती दोन वर्षं तुमच्याकडे पडून होती. तुम्हीच सांगितलंत. तेव्हा त्या दिवसाचा चढा भाव घेतलात, खरेदीचा नाही निघाला.”

“धंदा असाच असतो.”

“असेल बाई. मी काचेच्या बांगड्या विकणारी. मला सोन्यातलं काय कळणार?”

तिने पैसे पुन्हा पदराला बांधले आणि ती निघून गेली. बाकीच्या तिन्ही दुकानांतही तिला तेच उत्तर मिळाले.

दुपारी देवळातला विठू गुरव आला. त्याला म्हैस घ्यायची होती, म्हणून घरातली एक पुतळी विकायची होती. हरबाशेठने ती कसाला लावली, तोलली आणि त्या दिवसाचा, म्हणजे उतरलेला, भाव सांगितला. विठूचा चेहरा पडला. ही पुतळी आपण इथूनच घेतली होती आणि तेव्हा बरेच जास्त मोजले होते, असे तो म्हणाला.

हरबाशेठ हसला. “अरे विठू, तू काय भावानं घेतलीस याच्याशी सोन्याला काय करायचंय?”

विठूला ते पटले. त्याने मान डोलावली. पण हरबाशेठचा हात तराजूवर तसाच राहिला. सकाळी जे कारण सांगून त्याने एका बाईला परत पाठवले होते, तेच कारण दुपारी त्याने हसण्यावारी नेले होते.

त्याने विठूला पैसे मोजून दिले. तोटा तर गलबते लागली त्याच दिवशी झाला होता. आता तो फक्त कोणाच्या गळ्यात घालायचा, एवढेच आपण शोधत होतो, हे त्याला दिसले.

तो उठला, तीन पुतळ्या घेतल्या आणि बांगड्यांच्या गल्लीत गेला. पोतदार स्वतः गिऱ्हाइकाच्या दारी आलेला गल्लीने कधी पाहिला नव्हता. सगुणाबाई एका नव्या सुनेच्या हातात बांगडी चढवत होती.

“आजच्या भावानं आहेत,” हरबाशेठ म्हणाला. “सकाळी मी चुकलो.”

“बसा शेठ,” ती म्हणाली. “बांगडी अर्ध्यावर आलीय. एवढी चढली की पैसे देते.”

संध्याकाळी फळीवर उतरलेला भाव ठळक आकड्यांत लिहिलेला होता. शेजारचा पोतदार येऊन विचारून गेला, “हरबा, दुकान मोडतोयस की संन्यास घेतोयस?” हरबाशेठने त्याला चहा पाजला आणि वाद घातला नाही.

तोटा झालाच. घरामागे बांधायची खोली त्या वर्षी राहिली, आणि बायकोने ते चारदा बोलून दाखवले. पण पंधरा दिवसांत दोन्ही पेट्या रिकाम्या झाल्या. आलेल्या पैशांत त्याला उतरलेल्या भावाने जवळजवळ तेवढ्याच पुतळ्या पुन्हा घेता आल्या. बाकीचे तिघे आपापल्या पेट्यांवर बसून राहिले. सगुणाबाईच्या मुलीला ठरल्या दिवशी हळद लागली.

पुढच्या वर्षी सोने पुन्हा चढले. पलीकडच्या गावची एक म्हातारी पहिल्यांदाच हरबाशेठच्या दुकानात आली. भाव आज सकाळीच वाढला, हे तिला सांगताना तो अडखळला.

“मग वाढवून घ्या की,” म्हातारी म्हणाली. “उतरला तेव्हा तुम्ही उतरवलात म्हणे. आता लाजता कशाला?”

आणि दुसऱ्या कुठल्याही दुकानात न विचारता तिने पैसे पुढे ठेवले.

तात्पर्य: भाव चढताना जो नियम आपण गिऱ्हाइकाला लावतो, तोच उतरताना स्वतःला लावावा. तोटा एकदा सोसून संपतो. त्यातून मिळालेला विश्वास पुष्कळ दिवस पुरतो.