थोडं मागे

"…आणि एवढं सगळं करूनही हिच्या डोळ्यांतली भीती का जात नाही, उस्ताद?"

शार्दूलनं कॅमेऱ्यावरून डोळा न काढताच विचारलं.

ज्यांना विचारलं ते इलाहीचाचा नुकतेच चढण चढून डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सड्यावर आले होते. उभा जन्म माणसांचे फोटो काढण्यात गेलेला. शार्दूल त्यांच्याच हाताखाली शिकला. ते दम खात एका दगडावर टेकले आणि काठी शेजारी आडवी ठेवली.

जिच्याविषयी विचारलं ती शलाका कड्याच्या टोकाशी उभी होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तिच्या पाठीशी दरी. दरीपलीकडे मावळतीला आलेला सूर्य. अंगावर पिवळीधमक साडी, तिचा काठ वाऱ्यानं सारखा पायात येत होता. समोर दगडांना टेकवून ठेवलेला चंदेरी रिफ्लेक्टर. त्याच्यावरून उलटणारं ऊन थेट तिच्या डोळ्यांत. तिला शार्दूल दिसत नव्हता, चाचा दिसत नव्हते. दिसत होता तो नुसता पांढरा जाळ.

त्या जाळातून मघापासून एकच हुकूम येत होता.

"थोडं मागे."

ती सरकत होती. टाचेखाली जमीन आहे एवढं कळत होतं. टाचेच्या मागे काय आहे ते बघायची सोय नव्हती. मान वळवली रे वळवली, की आवाज यायचा, "हलू नकोस गं!"

मघाशी चाचांची काठी जवळच चढणीवर वाजत होती, तेव्हा तिनं धीर करून विचारलं होतं, "शार्दूलदादा, मागे कडा आहे ना?"

तो हसला होता. "कड्याचं काय घेऊन बसलीस? उजेड बघ किती छान पडलाय!"

मग ती पुन्हा बोलली नाही. साडीच्या दुकानाच्या मोठ्या फलकावर हे फोटो लागायचे होते. तिचं पहिलंच मोठं काम. भीती वाटते म्हणावं, तर हा उद्या दुसरी मुलगी उभी करील. ती जीव मुठीत धरून हसत होती. असलं हसू कॅमेऱ्यात कसं दिसणार? जसं असतं तसंच दिसत होतं.

"लेन्स बघा, उस्ताद," शार्दूल म्हणाला. दोन बक्षिसं मिळाल्यापासून त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. "माणूस तेवढा लख्ख, मागचं सगळं विरघळून जातं. दरी नाही, कडा नाही. नुसतं सोनं! तुमच्या वेळी असं होतं का?"

"नव्हतं."

"मग सांगा ना. ही भीती तेवढी कशी घालवू?"

चाचांनी काठी उचलून कड्याचं टोक दाखवलं.

"तू तिथं उभा राहून बघितलंस?"

शार्दूलला हसू आलं. चाचांची ही जुनी खोड त्याला ठाऊक होती. स्टुडिओत गिऱ्हाईक कोणी का असेना, लग्नाची मुलगी असो नाहीतर फौजदार, चाचा आधी स्वतः त्या स्टुलावर बसायचे. उजेडाकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून. मग उठायचे, फडक्यानं स्टूल पुसायचे आणि गिऱ्हाइकाला बसवायचे. शिकाऊ पोरं पाठीमागे नक्कल करायची. त्यात शार्दूल सगळ्यात पुढे.

"ते स्टुडिओत ठीक होतं, उस्ताद. इथं सूर्य थांबणार आहे का माझ्यासाठी?"

"पोरी," चाचा म्हणाले, "इकडं ये. घाई नको. आधी खाली बघ, मग पाय उचल."

शलाका जाळातून बाहेर आली. चाचांच्या शेजारी येऊन तिनं पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. ती उभी होती तिथं बारीक खडी होती. खडीला उतार होता. उतारापुढे काहीच नव्हतं.



"कॅमेरा हिच्याकडं दे," चाचा म्हणाले.

"हिच्याकडे?"

"आणि तू जा तिथं."

गुरूपुढे भ्यायची लाज वाटते, तेव्हा माणूस नको इतका ऐटीत चालतो. शार्दूल खिशात हात घालून गेला, टोकाशी जाऊन वळला आणि हसला.

चाचांनी रिफ्लेक्टर उचलून जरासा कलता केला. ऊन शार्दूलच्या डोळ्यांवर आलं. खिशातले हात बाहेर आले.

शलाकानं कॅमेऱ्याला डोळा लावला…

कडा नव्हता.

तिनं डोळा काढला. कडा होता. पुन्हा लावला. नव्हता. नुसतं सोनं, आणि त्या सोन्यात उभा असलेला एक माणूस. इतकं सुंदर तिनं कधी काही पाहिलं नव्हतं. फक्त ऊन त्याच्या केसांत नीट शिरत नव्हतं. तो जरा सरकला असता तर शिरलं असतं.

"थोडं मागे," शलाका म्हणाली.

"किती…?"

"थोडंच. हां… अजून. डोळे मिटू नका ना, दादा!"

केसांत ऊन शिरलं. तिनं बटण दाबलं.

खडी सरकल्याचा आवाज आला. एक दगड खाली गेला. तो कुठे आपटल्याचा आवाज मात्र आला नाही.

तिनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. शार्दूलची एक टाच जमिनीवर नव्हती.

"नको!" ती किंचाळली. "पुढे या, दादा! पुढे!"

शार्दूल होता तिथंच मटकन खाली बसला. मग रांगत आला. दगडापाशी पोचला तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं, आणि तरीही एका हातानं त्यानं जमीन धरून ठेवली होती.



"चाचा," शलाका म्हणाली. कड्यावर उभी असताना नव्हती एवढी ती आता कापत होती. "मला माहीत होतं ना… मी आत्ताच तिथून आले होते. तरी मी यांना…"

चाचांनी तिच्या हातून कॅमेरा घेतला आणि पडद्यावरचा फोटो उन्हाआड धरून पाहिला. केस सोन्याचे. मागे सगळं सोन्याचं. मधोमध शार्दूलचे दोन उघडे डोळे.

शार्दूलनं तो फोटो बघितला आणि मान फिरवली.

"पुसून टाका तो, उस्ताद." जमीन धरलेला हात अजून सुटला नव्हता. "पाया पडतो, पुसून टाका."

चाचांनी कॅमेरा दोघांच्या मधे धरला.

"का रे?" ते म्हणाले. "उजेड बघ किती छान पडलाय."