खड्गफुलाचा नकार

एका राज्यात ‘नाही’ हा शब्दच उरला नव्हता. दोष राजाचा. राजा दंडधर असा हट्टी, की कुणी उलट बोललेलं त्याला खपत नसे. म्हणून त्याने विकटदंत मांत्रिकाला बोलावून सांगितलं, “माझ्या राज्यात कुणाच्या तोंडून नकार निघू नये.” मांत्रिकाने मूठभर राख फुंकली. सगळ्यांच्या जिभेवरचा नकार उडाला आणि एका कंदात जाऊन बसला. सगळ्यांच्या म्हणजे स्वतःच्याही, हे त्या शहाण्या राजाच्या ध्यानातच आलं नव्हतं!

विकटदंताने लगेच विचारलं, “राजकन्या मला द्याल?”

राजा घाम पुसत म्हणाला, “होय.”

राजकन्या सुलक्षणा तीरासारखी पुढे आली. नकार द्यायला तिने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “होय.” संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण मंत्राला एक वाट उघडी ठेवावीच लागते, असा मांत्रिकांचा नियम. विकटदंताने कंद तिच्यापुढे टाकला. “रानातलं खड्गफूल आहे हे. फुललं तर तुमचा नकार परत. मुदत दुसऱ्या वसंतापर्यंत, मग आपलं लग्न. कंद लावायचा तो राजबागेत, शेणखताच्या वाफ्यात. लावशील?”

“होय.”

बागेच्या भिंतीवर कोतवाल पक्षी बसला होता. एवढासा जीव, पण घारीच्याही मागे लागणारा. पाखरांवर मंत्र चालला नव्हता.

“शेणखतात कुजेल तो,” कोतवाल म्हणाला. “डोंगरउतारावर मुरमाड जागा बघ. टोक वर, चार बोटं खोल. पानं आली की पाणी दे, पानं सुकली की थेंबही देऊ नकोस.”

“पण मी होय म्हटलंय.”

“जिभेने म्हटलंस. हातांनी कुठे म्हटलंस?”

सुलक्षणाने आपल्या हातांकडे पाहिलं. जिभेबरोबर सगळ्या राज्याने हातही गहाण टाकले होते. तिला एकदम हसू फुटलं. मुदपाकखान्यातून तिने एक लाल कांदा आणला, वाफ्यात थाटामाटात पुरला आणि कंद पदरात बांधून ती डोंगर चढली.

थंडीत डोंगरावर तलवारीसारखी पानं निघाली. खाली वाफ्यात कांद्याची पात डुलू लागली. विकटदंत पाहणीला आला.

“हा तोच कंद ना?” त्याने रायाजी माळ्याला विचारलं.

रायाजीचा सारा जन्म मातीत गेला होता, त्याला काय कांदा कळत नव्हता? पण दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. “होय,” तो म्हणाला. सुलक्षणाने ओठ चावून हसू दाबलं.

“ही पानं छाट,” मांत्रिकाने तिला हुकूम सोडला.

“होय.” आणि त्या दिवशी राजवाड्यात पातीची भाजी झाली. डोंगरावरच्या पानांना तिने हात लावला नाही. हिरव्या पानांवरच कंद पोसतो, असं कोतवालाने बजावलं होतं.

उन्हाळ्यात ती पानंही वाळून गळाली. विकटदंत पुन्हा वाफ्यापाशी आला. “रोज पाणी घाल.”

“होय,” म्हणत तिने कांद्यावर घागरी ओतल्या. कांदा सडला. मांत्रिक खुशीत टाळ्या पिटत गेला. ‘होय’ ऐकायची त्याला इतकी सवय झाली होती, की मागे वळून पाहायची गरजच वाटेना.

डोंगरावर मात्र सुलक्षणाचा धीर सुटला. माती तापून भेगाळली होती. तिने घागर कलती केली. “मेला असेल तर?”

“झोपलाय,” कोतवाल ओरडला. “उचल ती घागर!”

हे तिला सर्वांत जड गेलं. तिने घागर उचलली. पावसाळ्यातही ओल लागू नये म्हणून त्यावर एक शिळा तिरकी उभी केली. थंडी पडताच शिळा हटवली, तेव्हा हिरवं टोक जमिनीबाहेर आलं होतं. मग मात्र तिने त्याला हवं तेवढं पाणी दिलं.

दुसरा वसंत आला. डोंगरावर दांडा उभा होता, पण कळ्या मिटलेल्या. मंडपात सनई वाजू लागली. सुलक्षणा मुंडावळ्या बांधून उभी राहिली. आता हातांनी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुरोहिताने विचारलं, “वर पसंत?”

तेवढ्यात कोतवाल मंडपात घुसला. “खालची कळी उमलली!”

सुलक्षणाने श्वास घेतला. “नाही,” ती म्हणाली. मग पुन्हा, जोराने, “नाही! कदापि नाही!”

मंत्र उलटला. विकटदंताची जागच्या जागी राख झाली आणि वाऱ्यावर उडाली. रायाजी ओरडला, “तो कंद नव्हता, कांदा होता!” मंडपभर माणसं रडत होती, हसत होती, साठलेले नकार एकमेकांना ऐकवत होती.

राजाने आनंदाने हात उंचावला. “आणा तोडून ते फूल! सिंहासनावर लावू!”

सगळ्यांच्या माना सुलक्षणाकडे वळल्या.

“नाही, आबासाहेब,” सुलक्षणा म्हणाली.

राजाच्या कपाळावरची शीर ताडताड उडाली. त्याने लेकीकडे पाहिलं. मग वाकून तो जोडे चढवू लागला.

“मग फूल बघायला मीच डोंगर चढतो,” तो म्हणाला. “वाट दाखव.”